‘सात महिने खेटे घालायला लावले’ या तक्रारीस आमचे उत्तर

मा. ग्राहक महोदय,

आमच्या चाकण येथील कॅम्पर ट्रेलरच्या (वाहनामागे ओढून न्यायच्या, राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) कारखान्याला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय आम्ही दोनदा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे : कॅम्पर ट्रेलर ओढण्यासाठी घेतलेला जुना ट्रक आपल्या नावावर खासगी वाहन म्हणून करून देण्याचे आणि ट्रेलरचे पासिंग करून देण्याचे काम आम्ही घेतले, ‘दीड महिन्यात नंबर मिळेल’ असे सांगितले, सात महिने खेटे घालायला लावले, मध्येच आपल्या लायसन्सवर बोट ठेवले आणि तयार ट्रेलर ऐनवेळी अडवून धरला. हेच काम आपल्या एका परिचितांनी शेजारच्या राज्यात आठ दिवसांत करून घेतले, तेव्हा आमचे दलालांशी साटेलोटे असले पाहिजे, असेही आपण लिहिले आहे. इतरांनीही हे वाचले असल्यामुळे उत्तर येथेच देत आहोत.

जे आमचे चुकले ते आधी सांगतो. दीड महिन्याची मुदत आमच्याच कर्मचाऱ्याने फोनवर दिली होती. ती नव्या ट्रेलरच्या नोंदणीपुरती ठीक होती. जुन्या मालवाहू ट्रकच्या कागदांना ती कधीच लागू नव्हती आणि हा फरक आपल्याला त्याच दिवशी सांगायला हवा होता. दुसरे म्हणजे, आगाऊ रक्कम घेताना आपले लायसन्स आम्ही पाहिले नाही. ते पाहिले असते तर पुढची निम्मी कटुता टळली असती. ट्रकच्या कागदपत्रांपोटी घेतलेल्या रकमेपैकी जे काम झालेले नाही त्याचे १२,००० रुपये आम्ही आपल्या खात्यावर परत करत आहोत.

आता ट्रकविषयी. आपण तो घेतला तेव्हा त्याच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा होता आणि तीन ई-चलने थकलेली होती. बोजा उतरवायचा तर नमुना ३५ वर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही लागते आणि ती आल्याशिवाय नमुना २९ व ३० वरचे मालकी हस्तांतरण पुढे सरकत नाही. या एका सहीत अकरा आठवडे गेले. त्या काळात आम्ही काहीच करू शकत नव्हतो. आपल्याला दर आठवड्याला तसे कळवणे मात्र शक्य होते, आणि ते आम्ही केले नाही.

बोजा उतरल्यावर खरा प्रश्न पुढे आला. आपल्याला पांढरी नंबर प्लेट हवी होती, कारण ‘मी मालवाहतूक करणारच नाही, ट्रक फक्त माझा कॅम्पर ओढणार’ असे आपण म्हणत होता. हे म्हणणे ऐकायला रास्त वाटते, परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ६६ परवान्याची अट घालताना वाहनात प्रत्यक्ष माल आहे की नाही हे पाहत नाही. ज्या ट्रकवर मालाचा हौदा आहे आणि ज्याच्या आरसीवर ‘मालवाहू वाहन’ अशी नोंद आहे, तो रिकामा फिरला तरी परिवहन वाहनच राहतो. त्याला परवाना लागतो, पिवळी प्लेट लागते, आणि आपला ट्रक २०१६ चा, म्हणजे आठ वर्षांवरचा असल्यामुळे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र व शिवाय पर्यावरण कर लागतो. हौदा उतरवून त्याच चेसिसवर निवासाची बॉडी बांधली तर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असा वेगळा वर्ग उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी कलम ५२ खाली परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी आणि मोटर कॅराव्हॅनसाठीच्या एआयएस-१२४ या मानकाची पूर्तता, दोन्ही हवे. हौदा तसाच ठेवून फक्त कागदावर वर्ग बदलून द्या, ही आपली मागणी आमच्या हातातली नव्हती.

लायसन्सचा मुद्दा सविस्तर लिहितो, कारण आपल्याप्रमाणेच अनेक ग्राहक हा हिशेब घेऊन आमच्याकडे येतात. आपण लिहिले आहे की सर्वोच्च न्यायालयाने हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ट्रक चालवायला मोकळीक दिली आहे, आणि आपला ट्रक रिकामा ६,४८० किलोचा, म्हणजे साडेसात टनांच्या आत आहे. यातले पहिले विधान अर्धे बरोबर आहे. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असणाऱ्याला ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवण्यासाठी लायसन्सवर वेगळी नोंद करून घ्यावी लागत नाही. दुसरे विधान चुकते ते ‘एकूण’ या शब्दापाशी. कायद्याच्या कलम २(२१) मध्ये साडेसात हजारांची ही मर्यादा दोन वेगळ्या वजनांना लावलेली आहे : मोटारकार, ट्रॅक्टर आणि रोडरोलर यांचे रिकामे वजन पाहतात, परिवहन वाहनाचे मात्र भरल्या वाहनाचे एकूण वजन, म्हणजे आरसीवर ‘ग्रॉस’ म्हणून छापलेला आकडा पाहतात. आपल्या आरसीवर तो आकडा १६,२०० आहे. बारा हजार किलोंच्या वरचे मालवाहू वाहन कायद्याच्या भाषेत जड वाहन असते. आपण हौद्यात एक गोणीही टाकली नाही तरी हा आकडा बदलत नाही. वीस वर्षे विनाअपघात मोटार चालवल्याचे आपण आमच्या कचेरीत सांगितले आणि त्याबद्दल आम्हाला शंका नाही, पण त्या लायसन्सवर हा ट्रक चालवताना काही घडले तर न्यायालय विमा कंपनीला भरपाई द्यायला लावून तीच रक्कम पुढे आपल्याकडून वसूल करण्याची मुभा तिला देऊ शकते. ट्रकचा विमा आहे म्हणून निश्चिंत राहावे, अशी ही स्थिती नाही.

आता ट्रेलर अडवून धरल्याची गोष्ट. ट्रेलर हे ट्रकला जोडलेले सामान नव्हे, कायद्याने ते स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्याला स्वतःचा नंबर, स्वतःचे आरसी आणि नोंदणीसाठी नमुना २०, २१ व २२ लागतात. नमुना २२ वर सही आम्ही करतो. ज्या मॉडेलला चाचणी संस्थेची टाइप अप्रूव्हल, म्हणजे नमुन्याची मान्यता, मिळाली आहे, त्याच मॉडेलप्रमाणे हे वाहन बांधले आहे, असा त्या सहीचा अर्थ आहे. आपण घेतलेल्या मॉडेलची मान्यता १,६०० किलो एकूण वजनाची आहे. मूळ रचनेत पाणी, गॅस सिलिंडर, बॅटरी आणि चौघांचे सामान धरून तो १,४४० किलो भरत होता.

त्यानंतर आपण बाहेरच्या एका गॅरेजमधून मागच्या पलंगाखाली २०० लिटरची पाण्याची दुसरी टाकी बसवून घेतली आणि मागच्या बंपरवर ८५ किलोचा डिझेल जनरेटर. तपासणीच्या आदल्या दिवशी ट्रेलर आमच्याकडे आला तेव्हा आमच्या फोरमनने चाकांचे टायर दबलेले पाहून आधी काटा करून आणायला सांगितले. कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर आपण स्वतः आमच्याबरोबर उभे होता. दोन्ही टाक्या भरलेल्या होत्या आणि आकडा १,७४० वर थांबला. पावती आपल्या फाइलमध्ये लावलेली आहे.

मान्यतेपेक्षा १४० किलो जास्त, एवढेच असते तर एक टाकी रिकामी ठेवण्याची गोष्ट आपण केली ती निदान समजण्यासारखी होती. पण ओढणाऱ्या वाहनाच्या हूकवर ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पडायला हवा. तो कमी पडला की उतारावर ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि पुढच्या वाहनाचे ब्रेक दाबल्याने हे हलणे थांबत नाही, उलट वाढते. मूळ रचनेत कपलिंगवर, म्हणजे हूकवर बसणाऱ्या ट्रेलरच्या जोडावर, १४५ किलो भार येत होता. जनरेटर आणि टाकी दोन्ही चाकांच्या आसाच्या मागे गेल्यावर त्याच कपलिंगखाली ठेवलेल्या छोट्या काट्याने जेमतेम ६० दाखवले. आपल्याला पहिली सहल ताम्हिणी घाटामार्गे कोकणात करायची होती. फोरमनने कपलिंग हाताने उचलून दाखवले ते आपल्याला चिडवण्यासाठी नव्हते. एका माणसाने ते सहज उचलले जाऊ नये, एवढेच त्याला दाखवायचे होते.

यावर आपण सुचवले की तपासणीपुरता जनरेटर आणि टाकी उतरवू, नंबर मिळाला की परत बसवू. याला आम्ही नकार दिला, आजही देऊ. कलम १८२अ खाली नियमबाह्य वाहन विकणाऱ्या उत्पादकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे, आणि बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकालाही वेगळी शिक्षा आहे. पण शिक्षेचे कलम नसते तरी, जो जोड नंतर बसणार हे मला ठाऊक आहे तो नाही असे मानून मी नमुना २२ वर सही करणार नाही. अभिप्रायात या सूचनेचा उल्लेख नाही, म्हणून तो येथे करावा लागला.

शेजारच्या राज्याविषयी एवढेच की वाहनाची नोंदणी मालकाचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण जेथे आहे आणि वाहन जेथे ठेवले जाते तेथे करायची असते, आणि दुसऱ्या राज्याचा नंबर घेऊन वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवले तर येथला नंबर घ्यावाच लागतो. आपल्या परिचितांनी तेथला कोणता पत्ता दिला हे आम्ही विचारणार नाही. दलालांचे म्हणाल, तर आपल्या कामाचे प्रत्येक सरकारी शुल्क परिवहन पोर्टलवर आपल्याच मोबाइलवर आलेल्या ओटीपीने भरले गेले आहे आणि पावत्या आपल्या नावाच्या आहेत. त्यापलीकडे आम्ही घेतलेल्या प्रत्येक रुपयाचे जीएसटी बिल आपल्याकडे आहे.

पुढे काय करता येईल ते सांगतो. ट्रक ठेवायचाच असेल तर तो पिवळ्या प्लेटवर, परवाना आणि फिटनेससह राहील, आणि चालवायला जड वाहनाचे लायसन्स असलेला चालक ठेवावा लागेल किंवा आपण स्वतः मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधून प्रशिक्षण घेऊन, नमुना १अ चे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून ते लायसन्स काढावे. ते पाच वर्षांसाठी मिळते. त्याआधी ट्रकच्या निर्मात्याच्या कागदांत ट्रेलर ओढण्याची क्षमता दिलेली आहे का, हे पाहावे लागेल. माझे स्वतःचे मत मात्र पहिल्या भेटीतच सांगितले होते आणि ते बदललेले नाही : हा ट्रक विकावा. त्याची मागची चेसिस आमच्या कपलिंगच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे, आणि सोळा टनांसाठी घातलेले स्प्रिंगचे पाटे रिकाम्या ट्रकला इतके उडवतात की त्यामागे कॅम्परमधली कपाटे महिनाभरही बंद राहायची नाहीत. साडेतीन टनांच्या आतले, ओढण्याची क्षमता कागदावर असलेले डिझेल वाहन या ट्रेलरला पुरते आणि आपले आत्ताचे लायसन्सही त्याला चालते.

ट्रेलर आमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सुरक्षित आहे. त्याचे भाडे आम्ही लावलेले नाही आणि लावणारही नाही. जनरेटर व दुसरी टाकी उतरवून देण्याचे काम आमच्याकडून विनामूल्य होईल, उतरवलेल्या वस्तू आपण घेऊन जाव्यात. त्यानंतर पुन्हा काटा करू, आकडा १,६०० च्या आत आला की त्याच दिवशी नमुना २२ वर सही होईल आणि तपासणीची पुढची तारीख घेता येईल. येताना मूळ लायसन्स आणि ट्रकचे आरसी बुक बरोबर आणावे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, तो वार सोडून कोणत्याही दिवशी दुपारी चारपूर्वी या; फोरमन आणि मी दोघेही असू.

आपला विश्वासू,
कारखान्याचा मालक