ग्रंथालयावर प्रेम करावे, पण अंतर राखून

फोर्टमधील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांबद्दल आपल्याला नितांत आदर आहे, हे आपण मुंबईकर आहात एवढ्यावरूनच सिद्ध होते. त्यासाठी तेथे जाण्याची आवश्यकता नाही. आदर आणि उपस्थिती या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि ज्यांनी त्यांची गल्लत केली त्यांच्या गळ्यात कधी ना कधी कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व पडले. आपल्यावर तो प्रसंग येऊ नये, यासाठी पुढील मार्गदर्शन.

प्रथम इतिहास पाठ करावा, कारण तो घरबसल्या पाठ होतो. एशियाटिक सोसायटीचे मूळ 1804 सालचे, तिचे ग्रंथालय जेथे आहे त्या टाऊन हॉलची इमारत पूर्ण झाली 1833 मध्ये, डेव्हिड ससून ग्रंथालयाची काळा घोड्याजवळची वास्तू 1870 ची, आणि फोर्टबाहेरचे, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 सालचे: एवढे चार आकडे कोणत्याही समारंभात पुरतात. पाहुणे परप्रांतीय असतील तर दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित एशियाटिककडे असल्याचा उल्लेख करावा. मराठी असतील तर दुर्गाबाई भागवत तेथे वर्षानुवर्षे बसून अभ्यास करीत, हे भरल्या आवाजात सांगावे. आपण स्वतः तेथे शेवटचे काय वाचले, असे कोणी विचारलेच, तर दीर्घ उसासा टाकून हल्लीच्या लोकलच्या गर्दीकडे विषय वळवावा. टाऊन हॉलच्या तीस पायऱ्यांवर बसून छायाचित्र काढण्यास हरकत नाही. तिसावी पायरी मात्र ओलांडू नये. पलीकडे पुस्तके आहेत.

फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम होतात. तेथे अवश्य जावे, मागच्या रांगेत बसावे आणि ही शांतता मुंबईत कशी टिकली याचे शेजाऱ्याकडे मोठ्याने आश्चर्य व्यक्त करावे.

सभासद व्हावेच लागले तर आजीव व्हावे. वार्षिक सभासदाला वर्गणी भरताना दर वर्षी आठवते की आपण एकही पुस्तक घरी नेलेले नाही. आजीव सभासदाला ही टोचणी एकदाच सोसावी लागते, आणि पुढे पत्रिकेवर नाव छापून येते ते वेगळेच. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगते. आपण देवघेव विभागाकडे फिरकतच नाही, म्हणजे वाचक आणि ग्रंथपाल अशा दोघांचाही वेळ वाचवतो. या बाबतीत आपण रंगनाथनांच्याही पुढे गेलो आहोत.

पुस्तके दान करण्याची इच्छा घर रंगवण्याच्या वेळी होते, आणि ती दाबून ठेवू नये. मुलाची प्रवेश परीक्षेची जुनी मार्गदर्शके, कालबाह्य झालेले आयकराचे नियम, मुखपृष्ठ गेलेले दिवाळी अंक हे सर्व गोणीत भरून पाठवावे आणि पोच मागावी. ग्रंथपालाने नको म्हटल्यास समाजाची वाचनाविषयीची अनास्था या विषयावर वर्तमानपत्राला पत्र लिहावे.

आता वार्षिक सर्वसाधारण सभेकडे वळू, कारण नागरिकत्वाची खरी कसोटी तेथे लागते. सूचनापत्राच्या तळाशी एक वाक्य असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. या वाक्यातील शहाणपण ओळखावे. घटना लिहिणाऱ्यांनी आपला स्वभाव पूर्ण जाणून, आपल्यावाचूनही लोकशाही चालावी अशी व्यवस्था आधीच करून ठेवली आहे. तेव्हा तो अर्धा तास आपण कोपऱ्यावरच्या इराण्याकडे घालवावा. सभागृहात आल्यावर मागील इतिवृत्तातील शुद्धलेखनावर बोलावे, ताळेबंदातील चहाच्या खर्चावर बोलावे, पंखा कोणाच्या कारकिर्दीत बंद पडला यावर तर सविस्तर बोलावे. नव्या पुस्तकांसाठी तरतूद किती आणि ती खर्च झाली का, हा प्रश्न टाळावा; त्याचे उत्तर ऐकण्यास थांबावे लागते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 सालचा आहे, त्यानुसार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार सरकारी अनुदान मिळते, आणि त्या तुटपुंज्या अनुदानातून कर्मचाऱ्यांचे पगार भागवताना काय होते हे त्या टेबलामागे बसलेल्या माणसाला विचारले, तर सभा लांबेल. निवडणुकीच्या वर्षी मात्र वेळेवर यावे. जे सभासद वर्षभर पायरी चढत नाहीत, त्यांना त्या दिवशी टॅक्सीने आणण्याची सोय दोन्ही पॅनेल करतात.

अभ्यासिकेतील मुलांविषयी सावध असावे. ही मुले पहाटेची गाडी पकडून बदलापूर-दिव्याहून येतात, दार उघडण्याआधी रांग लावतात, डब्यातली पोळी जिन्यात उभ्याने खातात आणि राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करीत बंद होण्याच्या घंटेपर्यंत हलत नाहीत. ती ग्रंथालयाचा इतका वापर करतात की जागेचे पावित्र्य धोक्यात येते. सुदैवाने मतदार यादीत त्यांची नावे नसतात. अभ्यासिकेचे शुल्क वाढवावे की तिच्या जागी कायमस्वरूपी छायाचित्र प्रदर्शन मांडावे, याचा निर्णय आपल्यासारख्या तटस्थ, म्हणजे तेथे न येणाऱ्या, व्यक्तींनीच घेणे न्याय्य ठरते.

महापालिकेला यात ओढू नये. तिची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकांवाचून प्रशासकाने कारभार पाहिला, तेव्हाही आपली गैरसोय झाल्याचे आपल्याला जाणवले नव्हते. मग पदपथ, गळके छत आणि वाचनालयाची वेळ यांसाठी कोणाच्या दारी जाण्यात अर्थ नाही.

एवढी पथ्ये पाळली, तर कधीतरी इमारतीच्या पुनर्विकासाची बातमी येईल आणि आपल्या प्रेमाला खरा बहर येईल. निषेधाचे पत्रक काढावे, व्हॉट्सॲप गटाचे नाव बदलावे, चारही आकडे पुन्हा वापरावेत आणि बचाव समितीचे निमंत्रक व्हावे. समितीची पहिली बैठक मात्र ग्रंथालयात ठेवू नये. तेथल्या सगळ्या खुर्च्या त्या मुलांनी अडवलेल्या असतात.