तीन शिट्ट्यांचा संसार

आपल्याकडे मुलगी सासरी जाते. माझ्या बाबतीत मीच जायचं ठरलं, आणि सासर निघालं इंग्लंडातलं लेस्टर. बायको मूळची डोंबिवलीची. शिकायला म्हणून गेली, नोकरीला लागली आणि तिथे कायम राहायचा परवाना मिळवून बसली. मी ठाण्याच्या नौपाड्यातला, बी. ए. मराठी, एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. 'घरजावई' हा शब्द आत्याने साखरपुड्यातच उच्चारला. पण घरजावई व्हायलासुद्धा ब्रिटिश सरकारची परवानगी, म्हणजे व्हिसा, लागते, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

पहिला घोळ मुहूर्ताचा. लग्न फेब्रुवारीत उरकावं असं बायकोचं म्हणणं होतं. आई म्हणाली, "पाडवा होऊ दे, मग बघू." २०२४ चा पाडवा आला ९ एप्रिलला. ११ एप्रिलला तिकडच्या सरकारने नवरा किंवा बायकोला बोलावून घेणाऱ्याच्या कमाईची अट वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० वर नेली. आमची गुढी उतरून दोन दिवस झाले नाहीत तोच त्यांनी आपली उभारली, तीही १०,४०० पौंडांनी उंच. बायकोचा पगार मधेच कुठेतरी लटकत होता. तिने नोकरी बदलली. मग नव्या नोकरीच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या साठेपर्यंत थांबणं आलं.

"मग तुझा पगार नाही का धरत?" आईने विचारलं.

नाही धरत. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, पण आकडा बघता तो न धरलेलाच बरा.

पावत्या आल्या तेव्हा बाबांनी त्या ताब्यात घेतल्या. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करत प्रत्येक पावती खात्याच्या उताऱ्याशी जुळवली. मग कागदाच्या कोपऱ्यात सुनेच्या पगाराचे रुपये केले. त्या दिवसापासून तिचा फोन आला की ते लोडाला टेकलेले असतील तर सरळ होऊन बसतात.

पण पैसा हा सोपा भाग. खरी मेख पुढे होती. आमचं लग्न 'जेन्युइन अँड सबसिस्टिंग' आहे हे आम्ही सिद्ध करायचं होतं. 'जेन्युइन' कळलं. दुसऱ्या शब्दासाठी बाबांनी जुना शब्दकोश काढला. "सबसिस्ट. उदरनिर्वाह करणे, तग धरून राहणे." चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "म्हणजे कसंबसं चाललंय ते. मग आमचंही सबसिस्टिंगच आहे की, अडतीस वर्षं." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तो पुरावा जोडता आला असता तर काम तिथेच झालं असतं.

आता फोटो. आमच्या लग्नाचे फोटो चौदाशे. त्यांत आम्ही दोघंच असलेले शोधायला बसलो. मंगलाष्टकांत आमच्यामध्ये अंतरपाट. सप्तपदीत भटजी. घास भरवताना माझी मावशी, कारण तिला 'नाव घ्या' म्हणायची घाई. लग्नानंतर बायको तीन आठवडे ठाण्यात होती, तेव्हा तलावपाळीला, उपवनला, कोपिनेश्वराला गेलो. बरोबर भाचा, भाच्याबरोबर ताई आणि ताईबरोबर पुन्हा मावशी. जिथे खरोखर दोघंच आहोत तिथे मध्ये एक हात अंतर ठेवून, राष्ट्रगीत चालू असल्यासारखे उभे. कोणी अनोळखी माणसाने हा संच पाहिला तर त्याला माझा विवाह मावशीशी झाल्याची शंका येईल. ती माझ्या जास्त जवळ आहे. एका मित्राने सुचवलं, "पाच शर्ट घेऊन येऊरला जाऊ, पाच वेगवेगळ्या तारखांचे फोटो होतील." बायको फोनवरून म्हणाली, "तो पुरावा नाही, गुन्हा आहे." शेवटी मावशीसकट फोटो जोडले आणि प्रत्येकाखाली कोण कोण ते लिहिलं. मावशीचं नाव अकरा वेळा लिहावं लागलं.

लग्नाची महापालिकेतली नोंदणी होती, त्यामुळे सर्टिफिकेटची अडचण नव्हती. तेव्हा तीन साक्षीदार आणि भटजींची सही गोळा करता करता दमछाक झाली होती, पण ते दुःख आता जुनं झालं.

फोटोंनंतर संभाषण. एकमेकांपासून लांब राहता तर बोलता कसे, हे दाखवायला आम्ही व्हॉट्सॲपचे संवाद काढले. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं, आणि ते खरं व अचूक असल्याचं भाषांतरकाराने तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्कासह लिहून द्यावं लागतं. ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास असे एक गृहस्थ सापडले. आयुष्यभर खरेदीखतं आणि मृत्युपत्रं केलेली. त्यांनी आमचा प्रेमसंवाद सातबारा वाचावा तसा वाचला.

"या तुमच्या मिसेस मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. याचं भाषांतर धरायचं की नाही?"

"अक्षरं त्यांची आहेत, भाषा आपली आहे," मी म्हणालो.

"मग दर तोच."

दोन दिवसांनी मजकूर हातात आला. मुद्रितं तपासायची सवय, वाचायला बसलो आणि घाम फुटला. बायकोने मला वरण शिकवलं होतं, 'तीन शिट्ट्या दे आणि बंद कर'. त्याचं झालं होतं, 'गिव्ह थ्री व्हिसल्स अँड शट'. एखाद्या टोळीने दरोड्याच्या रात्री द्यावी तशी सूचना. 'डोकं खाऊ नकोस' याचं 'डू नॉट ईट माय हेड'. आणि एकदा मी वाढदिवस विसरलो होतो तेव्हा ती लाडाने लिहून गेली होती, 'मर मेल्या'. त्यापुढे स्वच्छ अक्षरांत, 'डाय, ओ डेड मॅन'.

"काका, हे जरा सौम्य करता येईल का?"

"मी खरं आणि अचूक म्हणून सही करतो," ते म्हणाले. "सौम्य हवं तर तुमच्या मिसेसना सांगा."

उरलेल्या सगळ्या पानांवर एकच वाक्य होतं, 'जेवलास का?' लेस्टर आपल्या मागे, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. त्यामुळे एक जेवत असताना दुसरा कायम भुकेला नाहीतर सुस्तावलेला. चौदा पानं फक्त जेवणाची चौकशी. काकांनी हिशेब करताना ती वाक्यं एकदाच धरली. भला माणूस.

मग इंग्रजीची परीक्षा. पदवी मराठीची म्हटल्यावर सुटका नव्हती. पातळी एवन, म्हणजे सगळ्यांत खालची. 'लाइफ स्किल्स' नाव, जेमतेम सोळा ते अठरा मिनिटांची, फक्त बोलणं आणि ऐकणं. पण ती एकट्याने देता येत नाही. परीक्षकासमोर दोन उमेदवार बसवतात आणि एकमेकांशी बोलायला लावतात. माझ्या वाट्याला भाईंदरची एक नवविवाहित गुजराती मुलगी आली. तिने विचारलं, आवडता पदार्थ कोणता. मी मामलेदार मिसळ म्हणालो आणि ती किती तिखट असते ते हातवारे करून सांगितलं. मी विचारलं, सुट्टीत काय करता. ती म्हणाली, झोपते. आम्ही दोघंही मनापासून हसलो. बाहेर आल्यावर लक्षात आलं, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मी माझ्या बायकोशी एवढंही बोललो नव्हतो. तेव्हा सगळं बोलणं मावशीने केलं होतं. दोघंही पास झालो. तिचा नवराही लेस्टरलाच आहे. हे मी घरी सांगितलं नाही.

क्षयाची तपासणी त्यांनी ठरवून दिलेल्या दवाखान्यातच करावी लागते. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. ते सर्टिफिकेट सहाच महिने चालतं, म्हणून आईने त्याची तारीख दूधवाल्याच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली.

मी राहणार ते घर दाटीचं नाही, हेही दाखवायचं होतं. त्यांच्या कायद्यात दोन खोल्यांत तीन माणसं, दिवाणखानाही खोलीच धरायचा. वर्षाच्या आतलं मूल मोजायचं नाही, त्यापुढे दहा वर्षांखालचं अर्धं. मी आमचं घर मोजलं. दोन खोल्या, आई, बाबा, आजी, मी, ताई, भावोजी आणि सहा वर्षांचा भाचा, म्हणजे साडेसहा. हे कळल्यापासून भाचा अर्ध्या तिकिटाऐवजी अर्धी पोळी मिळेल म्हणून घाबरला आहे.

तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा तेहतीस महिन्यांचा, पण पैसे तीन वर्षांचे, ३,१०५. अर्जाची फी वेगळी. बायकोने भरले, बाबा सरळ होऊन बसले. मी दहा बोटांचे ठसे देऊन आलो आणि बारा आठवडे वाट बघायला लागलो. आत्या रोज विचारायची, "काय, पाठवणी कधी?"

एका दुपारी पासपोर्ट आला. आत व्हिसा चिकटवलेला. आईने आधी देवापुढे ठेवला, मग मावशीला फोन लावला. मी बायकोला कळवलं. ती म्हणाली, तेहतीस महिन्यांनी मुदत वाढवताना हे सगळं पुन्हा दाखवायचंय, तेव्हा आतापासून नीट साठवत जाऊ.

मला ते पटलं. चौदा पानं जेवणाची, एक धमकी, तीन शिट्ट्या. पुढच्या फाइलची सुरुवात तरी बरी व्हावी. ठाण्यात जिन्यात उभा राहून, आजूबाजूला कोणी नाही हे बघून, जन्मात पहिल्यांदा टाइप केलं, 'आय लव्ह यू'.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं दहा मिनिटांनी.

'हे फाइलसाठी आहे का? कुकर लावलाय, नंतर बोल.'