"वीस वर्षांत टाकी भरली नाही" म्हणजे नेमकं काय झालं?

गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: "दोन खड्ड्यांचा संडास गरिबांसाठी. ऐपत असेल तर मोठी सेप्टिक टँक बांधा. वीस वर्षं भरत नाही, पाणी आतच शुद्ध होतं, मैल्याला हात लावायला नको." हे वाचून आमच्या गावात दोन घरांनी खणलेले खड्डे बुजवले, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

"भरत नाही." अहो, टाकी सुरू झाली की थोड्याच दिवसांत काठोकाठ भरते आणि कायम भरलेलीच असते. बादलीभर पाणी आत गेलं की तेवढंच दुसऱ्या टोकानं बाहेर पडतं. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. वीस वर्षं उपसलीच नाही, तर तिला तळ तरी नाही किंवा मैला रोज बाहेर चाललाय. आमच्या आळीत तो कुठे जातो ते मी पाहिलंय. भिंतीतून चार इंची पाइप निघतो आणि करडं पाणी थेट उघड्या गटारात पडतं. दहा पावलांवर नळाचा व्हॉल्व्ह त्याच गटारात बुडालेला. नळाचं पाणी बंद झालं की रिकामी लाइन जोडातून हेच पाणी आत ओढते, आणि दुसऱ्या दिवशी ते हंड्यात येतं.

"पाणी शुद्ध होतं." नाही होत. घट्ट भाग खाली बसतो, थोडा कुजतो, एवढंच. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. ते अडवते माती, म्हणून टाकीच्या पुढे शोषखड्डा लागतोच.

"मैल्याला हात लावायला नको." म्हणजे तुमचा हात नको. टाकीतला गाळ ओला, ताजा, आणि आत विषारी वायू. गाळ उपसणारी गाडी मिळाली नाही की कुणाला तरी आत उतरवलं जातं आणि त्यात माणसं मरतात. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

दोन खड्ड्यांत ही वेळच येत नाही. मैला एका वेळी एकाच खड्ड्यात जातो, पाणी फटी ठेवून रचलेल्या विटांतून मातीत मुरतं. पाचेक वर्षांनी तो भरला की दोन्ही खड्ड्यांकडे फाटे फुटतात त्या चेंबरमधलं त्याचं तोंड बंद करून दुसरं उघडायचं. पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा, म्हणजे आतल्या मैल्याचं खत होतं. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातल्या गंगदेवीपल्लीत असाच खड्डा स्वतः उतरून उपसला. आमच्या घरचा मी गेल्या उन्हाळ्यात उघडला. फावड्यावर काळी, भुसभुशीत, कोरडी माती आली. आईनं ती आधी लांबूनच पाहिली, मग जवळ येऊन वास घेतला. वास नव्हताच. ते सोनखत आम्ही नारळाला घातलं.

खड्ड्यांनी विहीर नासते, ही भीती मात्र खोटी नाही. विहीर-हातपंपापासून निदान दहा मीटर लांब खणा. जिथे पावसाळ्यात पाणी वर येतं किंवा खाली भेगाळ कातळ आहे, तिथे अभियंत्याला जागा दाखवल्याशिवाय खणू नका. पण अशा जागी गळकी टाकीही विहीर तेवढीच नासवते.

ज्यांनी टाकी बांधलीच आहे, त्यांनी ती पाडायची गरज नाही. गटारातला पाइप काढून शोषखड्ड्याला जोडा, अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी वेगळ्या खड्ड्यात सोडा. आमच्या आळीतल्या त्या घरानं काल अंगणात चुन्यानं शोषखड्ड्याची जागा आखलीय.