पापडाच्या पैशांवर 18 टक्के जीएसटी? मुळीच नाही

परवा गडहिंग्लजला मावशीकडे गेले, तर दारावरच पाटी : '2000 च्या वर फक्त रोख.' वाळवणाचे दिवस आहेत. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यांवर पापड घातलेले. आणि पुण्याच्या एका बाईंची 3,200 रुपयांच्या पापडांची ऑर्डर तिने तशीच अडवून ठेवली होती, कारण त्या बाई पैसे फोनवरून पाठवणार होत्या. मावशी म्हणाली, "नको गं बाई, 576 रुपये सरकार कापून घेतंय. मग माझ्या हातात काय उरणार?"

हा 576 चा हिशेब तिला भिशीच्या ग्रुपवरून मिळाला होता. तिथे आलेला मेसेज थोडक्यात असा : 2000 रुपयांच्या वर यूपीआय केलं की 18 टक्के जीएसटी थेट खात्यातून कापला जाणार, पोरांना पाठवले तरी कापला जाणार, म्हणून रोख वापरा आणि हे सगळ्यांना पाठवा.

हे खोटं आहे. नवंही नाही. एप्रिल 2025 मध्ये हीच आवई उठली होती, तेव्हा 18 तारखेला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने पत्रक काढून सांगितलं की 2000 वरच्या यूपीआय व्यवहारांवर जीएसटी लावण्याचा कोणताही प्रस्ताव सरकारपुढे नाही, हा दावा निराधार आहे. त्यात कारणही दिलंय. कार्डाने पैसे घेतले की बँक दुकानदाराकडून एमडीआर नावाचं शुल्क घेते, आणि जीएसटी लागतो तो त्या शुल्कावर. समजा 3,000 च्या खरेदीवर शुल्क 30 रुपये झालं, तर 18 टक्के त्या 30 चे, म्हणजे 5 रुपये 40 पैसे, 3,000 चे नव्हेत. बँक खात्यातून दुकानदाराला यूपीआयने पैसे दिले तर हे शुल्कच जानेवारी 2020 पासून शून्य आहे. शून्यावर 18 टक्के काढून दाखवा!

मला सगळ्यात संताप आला तो मावशीच्या बाबतीत. जीएसटी वस्तूवर आणि सेवेवर लागतो. पैसे या खात्यातून त्या खात्यात गेले म्हणून लागत नाही. वस्तूवर जो कर असेल तो रोखीलाही तितकाच आणि फोनलाही तितकाच. आणि पापडावर जीएसटी शून्य टक्के आहे. करच नसलेला माल ती विकते, आणि कराच्या भीतीने गिऱ्हाईक परत पाठवते! तीन दिवस ती ऑर्डर पडून होती. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या कुणीही तिच्या उन्हात बसून एक पापड लाटलेला नाही.

पोरांना पाठवलेल्या पैशांचा मुद्दा तर बोलण्याच्याही लायकीचा नाही. आईने लेकाला मेसचे पैसे पाठवले, यात कोण काय विकतंय?

2000 चा आकडा मात्र हवेतून आलेला नसावा. 1 एप्रिल 2023 पासून वॉलेटमधल्या, म्हणजे फोनच्या अ‍ॅपमध्ये आधी भरून ठेवलेल्या पैशातून दुकानदाराला 2000 च्या वर यूपीआय केलं, तर 1.1 टक्क्यापर्यंत शुल्क आहे. पण ते गिऱ्हाइकाच्या खात्यातून जात नाही, आणि बँक खात्यातून केलेल्या साध्या यूपीआयला ते लागूच नाही.

काका मध्येच म्हणाले, "मग बेंगळुरात दुकानदारांना नोटिसा आल्या, त्याचं काय?" आल्या, हे कबूल करावं लागेल. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमा रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, आणि कित्येकांनी घाबरून क्यूआर कोड उतरवले. पण तो कर यूपीआयवरचा नव्हता. प्रश्न वर्षाच्या उलाढालीचा होता : मालाची विक्री 40 लाखांच्या वर, सेवा असेल तर 20 लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. विक्री रोखीत झाली तरी लागते. मावशीची सगळी उन्हाळी कमाई मोजली तरी ती 40 लाखांच्या जवळपासही जात नाही.

अशा भीतीला देश लागत नाही. 1999 मध्ये अमेरिकेत अशीच आवई उठली होती, की '602पी' नावाच्या विधेयकाने प्रत्येक ईमेलला 5 सेंट पडणार. तिथल्या विधेयकांच्या आकड्याआधी 'एचआर' किंवा 'एस' असतं, '602पी' असा क्रमांकच होऊ शकत नाही. टपाल खात्यानेही इन्कार केला होता. तरी ऑक्टोबर 2000 मध्ये सिनेटच्या निवडणुकीतल्या वादसभेत हिलरी क्लिंटन आणि रिक लाझिओ या दोन्ही उमेदवारांना त्यावर प्रश्न विचारला गेला, आणि दोघांनीही नसलेल्या विधेयकाला विरोध केला.

पुण्याच्या बाईंना मी मावशीसमोरच फोन लावला. दहा मिनिटांत पैसे आले. मावशीने चष्मा लावून बँकेचा मेसेज दोनदा वाचला : 3,200 रुपये जमा. मग पिठाचे हात पदराला पुसून तिने पापडांचा डबा पॅक करायला घेतला.