अळिवाचे केस आणि कोकराची मान

"ईस्टरला सकाळी आमच्याकडेच या न्याहारीला," असं मी शेजारच्या आजींना जिन्यात म्हणून बसले. शब्द तोंडातून गेला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त पोहे होते. आजींनी माझा हात दाबला आणि विचारलं, "मग टेबल कसं सजवणार?" आपल्याकडे पानाभोवती रांगोळीची दोन बोटं ओढली, उदबत्ती लावली की झालं. जर्मनीत, निदान आमच्या येनात, तसं चालत नाही. इथे टेबल म्हणजे मखर.

ईस्टर कधी, हेही पंचांग उघडल्यासारखं शोधावं लागलं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, तिच्यानंतरचा पहिला रविवार. २०२५ साली तो आला २० एप्रिलला. आधीचा शुक्रवार गुड फ्रायडे, दुकानं बंद. रविवार बंद. सोमवारीही ईस्टरचीच सुट्टी, बंद. मधला शनिवार तेवढा उघडा, आणि त्या दिवशी सगळं गाव अंड्यांच्या मागे.

पहिली पायरी ऑस्टरश्ट्राउस. फुलदाणीत फांद्या खोचायच्या आणि त्यांना पोकळ अंडी टांगायची. अंडं पोकळ कसं करायचं? दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडायचं, आतला बलक काडीने मोडायचा आणि एका बाजूने फुंकायचं. पहिल्या अंड्याला माझे कान बंद झाले, दुसऱ्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले, तिसरं हातातच फुटलं. नवरा म्हणाला, "सरक, मी गणपतीत शंख फुंकायचो." त्याने अंडं शंखासारखंच आडवं धरलं. आतला माल भांड्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेला, अख्खा एप्रिल पिवळा. आठात पाच साधली, बाकी भुर्जी. इथून जवळच झालफेल्ड गावात फोल्कर क्राफ्ट नावाच्या गृहस्थांनी १९६५ मध्ये अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाला १८ अंडी टांगली होती. ती वाढत वाढत पुढे १०,००० वर गेली. मला त्या गृहस्थांपेक्षा त्यांच्या घरच्यांची काळजी वाटली. किती भुर्जी खाल्ली असेल!

उकडलेली अंडी रंगवायला मात्र इथे कांद्याची सालं वापरतात, हे ऐकून माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. आठवड्याला दोन किलो कांदा संपवणारं घर आमचं. सालांना काय तोटा! तीन आठवडे पिशवीत साठवली. अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवायचं, जुन्या नायलॉनच्या मोज्यात गच्च बांधायचं आणि सालांच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून उकळायचं. पान सोडवलं की खाली फिकट नक्षी. गुरुवारी बघते तर पिशवी गायब. "ओल्या कचऱ्यात टाकली, नीट वेगळी करून," नवऱ्याने अभिमानाने सांगितलं. त्या रात्री मी एका बैठकीत सोळा कांदे सोलले. डोळे पुसत नक्षी पाहिली. सुंदर होती, हे रडत रडतच मान्य केलं.

पण टेबलाची खरी शान म्हणजे क्रेस. अंड्याच्या टरफलात ओला कापूस, त्यावर बी, आठवड्यात हिरवी लव. टरफलावर पेनाने नाकडोळे काढले की ते झाले केस. दुकानात पाकीट हातात घेतलं आणि वाटलं, हे तांबूस बी आपण कुठेतरी पाहिलंय. अळीव! आईने बॅगेत कोंबलेलं अर्धा किलो कपाटात पडलंच होतं. घरी येऊन सवयीने आधी भिजत घातलं, तर वाटीत बुळबुळीत गोळा झाला. दुसऱ्या खेपेला ओल्या कापसावर कोरडंच भुरभुरलं. चौथ्या दिवशी केस आले, पण सगळे खिडकीकडे झुकलेले. सहा टरफलं ओळीने, तेल लावून, भांग पाडून शाळेच्या फोटोला बसल्यासारखी.

कोकराच्या साच्यातला केक शनिवारी रात्री काढला, तेव्हा मान साच्यातच राहिली. टूथपिकने जोडली, वरून पिठीसाखर. नॅपकिनचे ससे व्हिडिओत कान ताठ करून उभे होते. माझे ताप आल्यासारखे.

रविवारी आजी, मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू आले. नातू कोकराकडे बोट दाखवून म्हणाला, "कुत्रा!" आजींनी त्याला दटावलं. मग त्याने बापासमोर अंडं धरलं, टोकावर टोक आपटलं, ज्याचं फुटलं तो हरला. माझे सोळा कांदे दोन मिनिटांत खलास. एवढ्यात आजींनी कात्री मागितली. मला वाटलं, फांद्या नीट करतील. त्यांनी पहिल्या टरफलाचे केस कचाकच कापले आणि लोणी लावलेल्या ब्रेडवर पसरले. ही सजावट खायचीही असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बघता बघता सहाही जणांचं मुंडण.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. "दाखव गं टेबल." मी फोन फिरवला.

"पावावर ते हिरवं काय?"

"अळीव."

पलीकडे शांतता. मग आई आवाज खाली आणून म्हणाली, "बाळंतिणीचं अळीव आत्तापासूनच काढलंस? कितवा महिना?"

नवऱ्याला ठसका लागला, टेबलाला गुडघा बसला आणि कोकराची मान आजींच्या बशीत पडली.