आधी रक्त थांबवा, चौकशी नंतर

सुदानच्या यादवी युद्धात अल-फाशर शहरातल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ऑक्टोबर २०२५मध्ये ४६०हून जास्त रुग्ण आणि सोबतची माणसं मारली गेल्याचं डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, सांगितलं. तेव्हापासून डोक्यात एकच आहे. त्या दिवसांत त्या शहरात जिचा गर्भ पडला असेल, किंवा जिने नाइलाजाने कुणाकडून पाडून घेतला असेल, ती बाई अंगावरून जात असताना कुठे गेली असेल?

मी कोल्हापुरात बरीच वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स होते. गर्भ पडल्यावर पिशवीत त्याचा तुकडा राहिला की आधी नुसतं जास्त जातंय असं वाटतं. बाई घरातल्या घरात कापडाच्या घड्या बदलत राहते, कुणाला सांगत नाही. मग थंडी वाजून ताप, ओटीपोटात कळा, घाण वास. बीपी उतरायला लागलं की धावपळ. आणि यावर लागतं काय? पिशवीत उरलेलं हाताने ओढून काढायची ६० मिलीची प्लास्टिकची सिरिंज आणि नळी. तिला वीज लागत नाही. पिशवी आकसवणाऱ्या मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या, त्यांना फ्रीज लागत नाही. अँटिबायोटिक, सलाईन, वेळ पडली तर रक्त. शिकलेली नर्ससुद्धा हे करू शकते, असं डब्ल्यूएचओच म्हणते. एवढ्यासाठी बायका मरतात याची मला चीड येते.

२०१९च्या महापुरात शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा दवाखाना तुटणं म्हणजे काय ते आपण बघितलंय. पण पूर ओसरतो, आणि बोटीतला जवान ‘हे कसं झालं?’ म्हणून विचारत नाही. युद्धात नाक्यावर बंदूकवाले उभे असतात. कधी कधी अत्याचार करणारेही तेच. त्यातून दवाखाना गाठलाच, तर पोलिसांत देतील ही भीती. गर्भपातावर कडक बंदी असलेल्या बहुतेक देशांतही रक्तस्राव होणाऱ्या बाईवर उपचार करायला बंदी नाही, पण हे तिला कोण सांगणार?

आपल्याकडे गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१पासून आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तरी ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून बाईला बाकावर बसवून ठेवलेलं मी पाहिलंय. शांततेत ही गत, तर तिथे काय असेल?

यूएनएफपीएच्या (संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या) आपत्कालीन साहित्यात ८ नंबरचा संच नेमका याच कामाचा असतो. युद्धग्रस्तांसाठी कुठल्याही संस्थेला पैसे देताना एवढं जरूर विचारा: धान्य, तंबू पाठवताय ते ठीक, पण या सिरिंज आणि गोळ्या पाठवताय का?