गुप्त मोहिमांचा हिशेब संसदेने का मागू नये?

कोल्हापुरातल्या तालमींच्या, तरुण मंडळांच्या आणि माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. परदेशात दहशतवाद्यांविरुद्ध चालणाऱ्या गुप्त कारवायांवर संसदेची देखरेख असावी ही मागणीच देशविरोधी आहे, असे त्याचे म्हणणे आहे. त्यासाठी चार मुद्दे दिले आहेत: जगातला कोणताही देश आपल्या हेरखात्याला संसदेपुढे जाब देऊ देत नाही; खासदारांना सांगितले की बातमी फुटलीच; बहिर्जी नाईक कोणाच्या परवानगीने शत्रूच्या मुलखात जात होते; आणि दहशतवादी मेला असेल तर हिशेब कसला मागायचा? हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या देशप्रेमाविषयी मला शंका नाही. सैनिक टाकळीसारखे पिढ्यानपिढ्या सैन्यात जवान पाठवणारे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ती कोणी घेऊही नये. परंतु हे चारही मुद्दे टिकणारे नाहीत.

पहिला मुद्दा तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. गुप्त कारवाई आवश्यक असल्याचा निर्णय खुद्द राष्ट्राध्यक्षांनी घ्यावा आणि तो काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समित्यांना कळवावा, असा कायदा अमेरिकेत १९७४ मध्येच झाला. परदेशी नेत्यांच्या हत्येचे अमेरिकी हेरखात्याचे, सीआयएचे, कट सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७५ मध्ये उजेडात आणले आणि त्यानंतर सिनेटने १९७६ मध्ये व प्रतिनिधिगृहाने १९७७ मध्ये हेरखात्यांसाठी कायमस्वरूपी समित्या नेमल्या. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने अशी समिती आली. जर्मनीने २००९ मध्ये तिला थेट राज्यघटनेत स्थान दिले. भारत मात्र या यादीत नाही. सप्टेंबर १९६८ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालेल्या 'रॉ' या आपल्या परदेशी हेरखात्याच्या मागे आजही संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही.

बातमी फुटण्याच्या मुद्द्याचा विचार अधिक बारकाईने करायला हवा, कारण ही भीती खोटी नाही. मात्र तिच्या मुळाशी देखरेख म्हणजे पूर्वपरवानगी असा गैरसमज आहे. अमेरिकी समितीला कारवाई रोखण्याचा नकाराधिकार नाही; तिला माहिती मिळते, प्रश्न विचारता येतात आणि निधी अडवता येतो. प्रकरण फारच नाजूक असेल, तर दोन्ही सभागृहांचे नेते आणि समित्यांचे प्रमुख अशा केवळ आठ जणांना सांगण्याची मुभा कायद्यात आहे. ओसामा बिन लादेनच्या शोधात पाकिस्तानातील अबोटाबादमधील त्या घराची कल्पना गुप्तचर समित्यांच्या प्रमुखांना मे २०११ च्या छाप्याच्या कितीतरी आधी दिली होती, आणि बाहेर एक शब्दही गेला नाही. उलट १९९४ मध्ये पकडलेला, रशियनांना माहिती विकणारा आल्ड्रिच एम्स सीआयएचाच अधिकारी होता. आपल्याकडे २००४ मध्ये, परकीय हेरखात्याशी संबंध असल्याच्या संशयावरून नजर ठेवली जात असतानाच देशाबाहेर पळालेले रबिंदर सिंग 'रॉ'मध्ये सहसचिव होते, खासदार नव्हते.

लेखी नोंद न ठेवल्यास काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. १९८५ मध्ये अमेरिकी बनावटीची शस्त्रे इस्रायलमार्फत इराणला गुपचूप पोहोचवली गेली. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आधी होऊन गेलेल्या व्यवहाराला मागाहून मंजुरी देणाऱ्या कागदावर सही केली. काँग्रेसला काही कळवले नव्हते. प्रकरण बाहेर येऊ लागले तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी तो कागद फाडला आणि १९८७ मध्ये काँग्रेसपुढच्या सुनावणीत तसे शपथेवर सांगितले. म्हणूनच १९९१ च्या कायद्याने बजावले की मंजुरी लेखी हवी आणि झालेल्या कामाला ती मागाहून देता येणार नाही. कोणत्याही नोकरीत तोंडी हुकमावर काम केलेल्या माणसाला हे कलम समजावून सांगावे लागणार नाही. निभावले तर श्रेय साहेबांचे, अंगाशी आले तर हुकूम कोणी दिलाच नव्हता.

बहिर्जी नाईकांविषयी एवढेच म्हणतो की ते मनाला येईल तसे वागत नव्हते. ते शिवरायांना उत्तरदायी होते. आज राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार आहे.

राहिला चौथा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत घातक. तो मेलेला माणूस दहशतवादीच होता हे गृहीत धरतो. जुलै १९७३ मध्ये नॉर्वेतील लिलेहामरमध्ये मोसाद या इस्रायली हेरखात्याच्या पथकाने गरोदर पत्नीबरोबर घरी परतणाऱ्या, मूळच्या मोरोक्कोच्या एका वेटरला भलताच माणूस समजून गोळ्या घातल्या. मोसादचे हस्तक तिथे पकडले जाऊन शिक्षा भोगायला गेले. अमेरिकी सिनेट समितीच्या २०१४ च्या अहवालानुसार सीआयएने गुप्त तुरुंगांत ठेवलेल्या ११९ जणांपैकी किमान २६ जणांना डांबणे सीआयएच्याच निकषांत बसत नव्हते. ही देखरेख सोपी नव्हती: समिती वापरत असलेल्या संगणकांत सीआयएच्या लोकांनी शिरकाव केला आणि त्याबद्दल संचालक जॉन ब्रेनन यांना माफी मागावी लागली. पण आकडा बाहेर आला तो समिती होती म्हणून.

आपल्याकडे काय घडते? न्यूयॉर्कमध्ये एका शीख फुटीरतावादी नेत्याच्या हत्येचा कट भारतीय सरकारी कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून रचल्याचा आरोप अमेरिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये केल्यावर केंद्र सरकारने उच्चस्तरीय चौकशी समिती नेमली. जानेवारी २०२५ मध्ये गृह मंत्रालयाने एका व्यक्तीवर कायदेशीर कारवाईची शिफारस झाल्याचे जाहीर केले. त्या निवेदनात व्यक्तीचे नाव नव्हते. त्या व्यक्तीने कोणाच्या आदेशाने काम केले, की कोणाच्याच नाही, हे बंद दाराआड विचारणारी संसदीय समिती आपल्याकडे नाही.

याची झळ सर्वांत आधी बसते ती प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना. आपल्याला हेरगिरीसाठी पाकिस्तानात पाठवले होते आणि तिथे १४ वर्षे तुरुंगात काढली, असे सांगणारा राजस्थानातला एक टपाल कर्मचारी परतल्यावर गैरहजेरीच्या कारणावरून नोकरी गमावून बसला होता. सरकारने त्याचा दावा नाकारला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला १० लाख रुपये द्यायला सांगितले, तेही सानुग्रह म्हणून, हक्क म्हणून नव्हे. आपल्या पोरांनी असल्या कामगिरीवर जावे असे आपण म्हणतो, तर त्यांच्या मागे कायदा उभा असावा असे म्हणणे देशविरोधी कसे?

२०१० मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी 'रॉ'चे संस्थापक रामेश्वरनाथ काव यांच्या नावाच्या व्याख्यानात संसदीय देखरेखीची गरज मांडली होती. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी त्यासाठी खासगी विधेयक आणले. ते पुढे सरकले नाही. कोल्हापूर आणि हातकणंगले या मतदारसंघांतून दोन खासदार दिल्लीला जातात. मोजक्या सदस्यांची, गोपनीयतेची शपथ घेतलेली समिती, प्रत्येक कारवाईला लेखी आदेश आणि पकडल्या गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला कायद्याने संरक्षण, या तीन गोष्टींवर त्यांची भूमिका काय आहे, हे मी दोघांनाही पत्राने विचारणार आहे.